साखराबाईच्या उघड्या मानेच्या कोंबड्या

कोंबडीचं पिलू हातात आलं की साखराबाई त्याला उताणं करायची आणि अंगठ्यानं त्याचा गळा चाचपायची. तिथं लवेचा एवढासा ठिपका लागला की पिलू एका डालग्यात, नाही लागला की दुसऱ्या. वर्षानुवर्षं तिनं हे केलं. गावाला तो तिचा छंद वाटायचा. छंद नव्हता तो.

माझ्या सासूबाई द्वारकाबाई यांचं घर तिच्या घरासमोर, मधे फक्त गाडीवाट. त्यामुळे यातलं बरंचसं सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि उरलेलं खुद्द साखराबाईनं मला सांगितलेलं. मी कॉलेज संपवून या घरात सून म्हणून आले तेव्हा ती थकली होती. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ती रोज दारात येऊन विचारायची, "बाई, माहेराला कधी चालल्या?" मी गाडीत बसेपर्यंत तिनं विचारणं सोडलं नाही. आज माझ्या मुलीला सातवा महिना लागलाय. ती लांब आहे आणि इकडे यायची गरज नाही म्हणते. तिचं म्हणणं कदाचित बरोबरही असेल.

बदनापूर स्टेशनापासून दोन कोसांवर, दुधनेच्या काठी आमचं गाव. गावाच्या कडेला धनगरांची थोडी घरं. साखराबाईचा नवरा म्हस्कू दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदेच्या अंगाला उतरायचा, तो पाऊस तोंडावर आला की परत. मधले सगळे महिने घरात साखराबाई आणि तिची एकुलती मुलगी जयवंता. जयवंताच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती.

एका वर्षी म्हस्कू जालन्याच्या छावणीत मेंढरं द्यायला गेला आणि येताना काखेत एक कोंबडा घेऊन आला. कोंबड्याच्या मानेवर पीस नव्हतं. लालभडक, सुरकुतलेली, उघडी मान, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला, दाण्याच्या पिशवीवर, पिसांचा एक झुबका.

साखराबाई म्हणाली, "आवं, ह्याची मान कुनी सोलली?"

"जल्माचाच तसा हाय. छावणीतल्या शिपायानं दिला. उन्हात मरत न्हाई म्हनला, बिलकुल."

"गिधाडावानी दिसतंय की."

"तुला काय लगीन लावायचंय त्याच्यासंगं?"

नदीवर बायांना विषयच मिळाला. "साखरे, तुझा कोंबडा पदर इसरून आला का गं?" असं एकीनं विचारलं की दुसरी म्हणायची, "तसं न्हाई, त्यो बालाजीला जाऊन आला. केस देऊन आला." साखराबाई हसायची आणि धुणं आपटायची.

पण वैशाख आला तेव्हा हसणं थांबलं. आमच्याकडच्या वैशाखात कोंबड्या चोच उघडी टाकून, पंख ढिले सोडून भिंतीच्या सावलीला पडून राहतात, आणि संध्याकाळी उचलायला जावं तर काही उठत नाहीत. त्या वर्षीही तसंच झालं. फक्त साखराबाईचा कोंबडा आणि त्याची उघड्या मानेची पिलं भर दुपारी उकिरडा उकरत होती. उघड्या मानेला वारा लागायचा, त्यांचं अंग तापत नसे. द्वारकाबाईंनी ओट्यावरून ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी दोन अंडी मागून घेतली.

पुढच्याच साली जयवंताचं लग्न झालं. ती लहान होती, आठ-नऊ वर्षांची. तेव्हा तशीच लग्नं होत. नवरा भुजंग, पाच कोसांवरच्या खडकवाडीचा. लग्न लागलं, मुलगी माहेरी राहिली. वयात आली की नांदायला न्यायची असं ठरलं. साखराबाई तेव्हा पहिल्यांदा खडकवाडीला गेली आणि उदास होऊन परत आली. मुरमाड माळावरचं गाव, झाड नाही, सावली म्हणजे घराची भिंत. तिथल्या कोणत्याच बाईकडे कोंबडी नव्हती, कारण एक वैशाख काही ती काढत नसे. आणि कोंबडी नाही म्हणजे बाईच्या हाताशी तिचं स्वतःचं असं काहीच नाही. मेंढरं पुरुषांची, धान्य सासूचं. सुई घ्यायची तरी कोणाच्या तरी तोंडाकडे बघायचं. जयवंताची सासू गोजरबाई वाईट नव्हती, पण तिची मूठ घट्ट होती. आपल्या सासूकडून तिला जे मिळालं नव्हतं, ते ती सुनेला देणार नव्हती.

त्यानंतर साखराबाई पिलांचे गळे चाचपायला लागली.

सगळी पिलं उघड्या मानेची निघत नसत. एका खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली तर काही पिलं उघड्या मानेची, काही साधी, पिसांच्या मानेची. ती साधी पिलं काढून टाकायची, बाजारात पाठवायची, तरी पुढच्या वेळी ती निघायचीच. असं का, ते तिला कळेना. मग तिच्या लक्षात आलं की उघड्या मानेतही दोन जाती आहेत. काहींच्या गळ्यावर तो पिसांचा झुबका असतो, त्या छावणीतल्या कोंबड्यासारखा. काहींच्या गळ्यावर काहीच नसतं, मान पार उघडी. झुबकेवाल्याच्या पोटी साधं पिलू निघतं. पार उघड्या मानेच्या कोंबड्याला कोणतीही कोंबडी द्या, एकही पिलू पिसांच्या मानेचं होत नाही. हे कळायला तिला तीन उन्हाळे लागले. ती पिलांच्या पायाला चिंधीचे धागे बांधायची, लाल धागा एका कोंबडीच्या पिलांना, काळा दुसरीच्या.

म्हस्कू म्हणायचा, "लेकरावानी तपासून राह्यलीस. सोयरीक जुळवायची का काय?"

"सोयरीकच जुळवून राह्यले. तुम्ही मेंढा निवडता तवा मी हसते का?"

जयवंता वयात आली, तरी गोजरबाई न्यायला येईना. यंदा दुष्काळ, पुढल्या साली घर शाकारायचंय, असं चाललं होतं. भुजंगाला दुसरी बघतात अशी कुणकुण कानावर आली. साखराबाईनं मग विहीणबाईला मुद्दाम वैशाखात जेवायला बोलावलं. भर दुपारी गोजरबाई ओट्यावर बसली, आणि समोर अंगणात उन्हात कोंबड्या खुशाल दाणे टिपत होत्या. गोजरबाई बराच वेळ बघत राहिली.

"ह्या मरत न्हाईत?"

"न्हाई."

"आमच्या माळावर बी न्हाई मरायच्या?"

"इथं जगल्या त्या तिथं जगत्याल. पोरीसंगं धाडते की."

गोजरबाईनं पानाला चुना लावला. "धाडा मंग. पर समद्या उघड्याच पायजेत. साध्या मरत्याल आन गाव म्हनंल, गोजरबाईच्या सुनंनं मरतुकड्या कोंबड्या आनल्या. आखितीला येते मी न्यायला, पुढल्या."

साखराबाईकडे आता एक वर्ष होतं. पार उघड्या मानेच्या कोंबड्या तिच्याकडे झाल्या होत्या, पण एक नवीनच अडचण उभी राहिली. अंडी फुकट जायला लागली. मुठीची नळी करून ती अंडं उन्हाकडे धरून बघायची. आत नुसतं पाणी. जी पिलं निघत त्यांची बोटं वाकडी असत. तिला कारण लगेच कळलं. धनगराच्या बाईला ते कोणी शिकवावं लागत नाही. कळपातला मेंढा बदलला नाही तर कोकरं खुरटी होतात. तिच्या सगळ्या कोंबड्या त्या एका छावणीतल्या कोंबड्याच्या लेकी-नाती होत्या. बाहेरचा कोंबडा हवा होता, पण तो उघड्या मानेचा हवा, नाहीतर इतक्या वर्षांचं सगळं पुन्हा मिसळलं असतं. तिनं बदनापूरचा बाजार शोधला. म्हस्कूकरवी छावणीत विचारलं. तो शिपाई कधीच बदलून गेला होता.

त्या फाल्गुनात आसपासच्या गावांत कोंबड्यांची मानमोडी आली. पलीकडच्या गावात तर खुराडी रिकामी झाली. रोगाला वेशीबाहेर काढण्याची आमच्याकडे एक रीत होती. मरीआईचा लाकडी गाडा सजवायचा, त्यावर हिरवं चोळखण, बांगड्या, लिंबं ठेवायची, पोतराज आसूड उडवत पुढे, आणि गाडा शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायचा. गाड्याबरोबर जिवंत कोंबडं सोडायचं. ते कोणी पकडायचं नाही, कापायचं नाही, घरात आणायचं नाही. शेजारच्या गावानं गाडा तसाच पुढच्या शिवेत ढकलायचा. पलीकडच्या गावाचा गाडा असा आमच्या शिवेत आला आणि आमच्या गड्यांनी तो सकाळी पुढे लावून दिला. कोंबडं तिथंच कापसाच्या पऱ्हाट्यांत राहिलं.

साखराबाई आणि जयवंता सरपणासाठी पऱ्हाट्या उपटायला गेल्या होत्या. बांधावर तो कोंबडा उभा होता. काळा, उंच, पिवळ्या पायांचा. मान पार उघडी. ज्या घरानं सोडला त्यांना तो बहुधा कुरूप, अवलक्षणी वाटला असेल, म्हणून त्यांनी तोच दिला. इतकी वर्षं तो एका कोसावर होता आणि साखराबाईला पत्ता नव्हता.

तिनं हातातल्या पऱ्हाट्या खाली ठेवल्या.

जयवंता म्हणाली, "आई, नको. मरीआईचा हाय त्यो."

"मरीआईनं सोडला ना त्याला? सोडलेला कुनाचा ऱ्हातो?"

"आई, लोक काय म्हनत्याल?"

"लोकांना कशाला कळतंय. तुझ्यासाठीच हाय गं त्यो. आखिती किती दिवसांवर आली?"

तिनं त्याला पदराखाली धरला, आणि धरता धरता अंगठा त्याच्या गळ्यावरून फिरला. झुबका नव्हता. सासूबाईंना पुढे कधीतरी ती म्हणाली होती की त्या क्षणी तिला एवढा आनंद झाला की भीती वाटायची राहूनच गेली.

कोंबडा दोन दिवस चांगला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं दाणा सोडला. मग त्याचं तोंड उघडं राहायला लागलं, विष्ठा हिरवी झाली, आणि त्याची मान एका बाजूला पिरगळायला लागली. साखराबाईनं त्याला कांदा भरवला, हळद भरवली. तो मेला त्या दिवशी तिच्या दोन कोंबड्या भिंतीशी बसून होत्या. आठवड्याभरात अंगण रिकामं झालं. साध्या कोंबडीची मान वळली तर पिसांत ती एवढी दिसत नाही. यांच्या उघड्या माना ओल्या कपड्याला पीळ द्यावा तशा दिसायच्या, त्वचेखालच्या शिरांसकट. द्वारकाबाई तिकडे बघायच्या नाहीत. एक झुबकेवाली तलंग, अजून अंड्यावर न आलेली, तेवढी वाचली, का ते कोणालाच सांगता आलं नाही.

मग समोर आमच्या घरी, मग सगळ्या गावात. गुरांचे डॉक्टर आज सांगतात की हा रोग आजारी पक्ष्याबरोबर गावोगाव जातो. सोडलेल्या कोंबड्याला हात लावू नये हे गावाला वेगळ्या वाटेनं माहीत होतं, एवढंच. आणि लपलं काहीच नाही. पलीकडच्या गावची एक बाई बहिणीकडे आली होती. उकिरड्यावर पडलेली काळी पिसं आणि पिवळे पाय तिनं ओळखले.

"आमच्या जावंनं मरीआईला सोडला त्योच ह्यो! कुनी आनला गं घरात?"

धनगरांच्या घरांतले वडीलधारे पुंजाराम. त्यांनी साखराबाईला पारावर बोलावलं. तिनं काहीच नाकारलं नाही. उत्तर म्हणून एकच बोलली, "पोरगी नांदायला धाडायची व्हती." पुंजाराम चांगले गृहस्थ होते. त्यांनी मरीआईला खण-नारळ सांगितलं आणि प्रकरण मिटवलं. पण गोष्ट खडकवाडीला पोचली होती.

आखितीला गोजरबाई आली. गाडीतून उतरली, पण ओट्यावर चढली नाही.

"विहीणबाई, पोरीला मी टाकत न्हाई. लग्नाची हाय, नेते. पर तुमच्या हातानं देवीचा जीव घरात आला. त्यो इटाळ माझ्या घरात नको. तिनं पुन्हा ह्या घरात पाय टाकायचा न्हाई, तुम्ही आमच्या गावात यायचं न्हाई. कबूल असंल तर गाडी जुंपलेलीच हाय. नसंल तर ऱ्हाऊ द्या तिला, भुजंगाचं मी बघते."

म्हस्कू मेंढरांबरोबर गोदेकडे होता. विचारायला कोणी नव्हतं. साखराबाई आत गेली, जयवंताची वेणी घातली, तिला नवं लुगडं नेसवलं. जयवंता म्हणत होती, "आई, मी न्हाई जात. मी ऱ्हाते की इथंच." साखराबाई म्हणाली, "येडी का काय? टाकलेली म्हनून ऱ्हायचं का जल्मभर?" मग बाहेर येऊन म्हणाली, "कबूल हाय."

द्वारकाबाई ओट्यावर उभ्या होत्या. गाडी गेल्यावर त्या तिच्याकडे गेल्या, तर ती रिकामी डालगी एकात एक घालून ठेवत होती.

पुढल्या वर्षी एक कासार बांगड्या घेऊन आला. त्यानं हळूच निरोप दिला, जयवंताला सातवा महिना आहे आणि ती आईची वाट बघते. पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे हे कोणी ठरवावं लागत नाही, सासूच गाडी जुंपून देते. साखराबाई पुंजारामांच्या पाया पडली. "मला जाता येत न्हाई. तुम्ही जा. मी तिच्यापुढं सुदिक येत न्हाई म्हनावं, द्वारकाबाईंच्या घरात ऱ्हाऊ द्या, माझा उंबराच नको." पुंजाराम गेले आणि एकटेच परत आले. गोजरबाईनं त्यांना जेवू घातलं होतं आणि म्हटलं होतं, "शबूद म्हंजे शबूद. देवीच्या कामात मी खोटं कसं वागू? पोराच्या जिवाला काय झालं मंग?" ती नातवाला जपत होती. तिच्या परीनं.

त्या दिवसांत साखराबाई समोरच्या ओट्यावर येऊन बसायची आणि द्वारकाबाईंना विचारायची, "लुगडं नेसताना पोट वर दिसत आसंल का खाली? बाळंत झाल्यावर शेपा कोन देईल?" सासूबाई म्हणायच्या, "गोजरबाईनं चार बाळंतपणं केलीत गं. करील ती." ती मान हलवायची आणि तरी दुसऱ्या दिवशी तेच.

मूल आडवं होतं. जयवंता गेली. मुलगा वाचला.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी गोजरबाई गाडीतून आली. पदराखाली ते एवढंसं लेकरू. खडकवाडीत अंगावर पाजणारी बाई नव्हती आणि गाईचं वरचं दूध त्याला सोसत नव्हतं. या वेळी ती ओट्यावर चढली, उंबऱ्याच्याही आत आली.

साखराबाई म्हणाली, "आता चालतो व्हय माझा उंबरा?"

गोजरबाईनं लेकरू पुढे केलं. साखराबाईनं घेतलं.

दारच्या शेळीच्या दुधावर, कापसाच्या बोळ्यानं, तिनं ते जगवलं. म्हस्कू त्या हिवाळ्यात मेंढरांमागे गेला नाही. भावाबरोबर कळप पाठवला आणि पोराला अंगाखांद्यावर खेळवत बसला. वाचलेल्या तलंगेला बाजारचा साधा कोंबडा मिळाला, पिलं झाली, निम्मी उघड्या मानेची, निम्मी साधी. साखराबाईनं एकाचाही गळा चाचपला नाही. जे जगेल ते जगू दिलं, पिलं मागेल त्याला वाटून टाकली. आमच्या गावात आजही एखाद्या घरी झुबकेवाली कोंबडी दिसते, ती त्यांतलीच.

मधली वर्षं रझाकारांच्या धास्तीत गेली, माणसं रस्त्यावर निघत नव्हती. त्यामुळे पोर तिच्याकडे दोन वर्षं राहिलं. तिला आई म्हणायला लागलं. मग निजामाचं राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, आणि दसऱ्यानंतर भुजंग आणि गोजरबाई पोराला न्यायला आले. त्यांच्या घरचा मुलगा होता, हक्काचा. भांडण झालं नाही. साखराबाईनं त्याला न्हाऊ घातलं, काजळ घातलं, भुजंगाच्या कडेवर दिलं. पोर तिच्याकडे हात करून रडायला लागलं, तसा भुजंग त्याला घेऊन गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला.

गोजरबाई गाडीत चढणार तेवढ्यात साखराबाई जवळ गेली. द्वारकाबाई तिथंच होत्या, म्हणून मला हे माहीत आहे.

"विहीणबाई, एक इचारू का?"

"इचारा."

"तवा, बाळंत व्हताना, तिनं मला हाक मारली का?"

गोजरबाईनं गाडीच्या साठ्याला धरलं. 

"मारली."

"लई येळा?"

"रातभर. मी म्हनायचे, तुझी आई निघालीया, वाटंत हाय, आता येईल. तेवढं आयकलं की थोडी गप पडायची. मंग पुन्हा इचारायची, कुठवर आली? मी म्हनायचे, आली, जवळच आली."

साखराबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "तसं सांगितलं ते बरं केलं."

गोजरबाई खाली उतरली आणि तिच्या पायाशी वाकायला लागली. साखराबाईनं तिला दंडाला धरून वर उठवलं, गाडीत बसवलं आणि बैलांच्या अंगावर हात फिरवून बाजूला झाली.